भागीआतेचा वड आणि आईचा दोरा

गेल्या वर्षी नातीने माझा वड दादरच्या एका बोन्साय-प्रदर्शनात नेऊन ठेवला. सोबत मीही गेले, कारण टॅक्सीत तो मांडीवर धरायला विश्वासाचं माणूस लागतं. दीड हात उंची, पसरट भांडं, मातीला टेकलेल्या चार पारंब्या. वयाने माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा, आणि मी ऐंशीची. टेबलावर मांडल्याबरोबर माणसं गोळा झाली. एक गृहस्थ नाक मुरडून म्हणाले, "हा झाडांचा छळ आहे हो. केवढा वाढला असता तो!" मी विचारलं, "आपण कुठे वाढलात?" म्हणाले, "गिरगावात, दोन खोल्यांत." म्हटलं, "मग आपली वाढ खुंटली का?" गृहस्थ पुढच्या टेबलाकडे गेले. मग एक चष्मेवाली मुलगी आली. तिने वाकून वाकून सगळा वड बघितला आणि बुंध्यावर जिथे बोटभर रुंदीचा खोल वळ आहे, नेमकं तिथेच बोट ठेवलं. "आजी, इथे वळण द्यायला बांधलेली वायर काढायची राहिली होती ना? थोडक्यात वाचलंय झाड." मी म्हटलं, "वायर नाही गं बाई, दोरा होता. माझ्या आईचा." तिला काही कळलं नाही. कसं कळणार? ते नीट सांगायचं तर लालबागला, आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर जायला हवं. ती चाळ आता नाही, आणि ज्या दोघींनी हे सांगायला हवं होतं त्याही नाहीत. तेव्हा मीच सांगते.

खोली दहा बाय बारा. आई, बाबा, मी आणि भागीआते एवढी घरची माणसं. शिवाय गावाहून नोकरी शोधायला आलेला कुणी ना कुणी गॅलरीत वळकटी टाकून असायचाच. बाबा मिलमध्ये फिटर, आते त्याच मिलच्या वायंडिंग खात्यात, म्हणजे बायका सूत बॉबिनांवर गुंडाळतात तिथे. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत आईची शेगडी पेटलेली असायची. उकड्या तांदळाची पेज, वर सुकटीची चटणी, आणि ज्या दिवशी तीही नसेल त्या दिवशी मिठाचा खडा आणि आईचं तोंड. भोंगा झाला की जिन्यावर चपलांचा असा काही आवाज उठायचा की झोपलेलं मूल दचकून रडावं. आम्ही मात्र त्या आवाजातच झोपायला शिकलो होतो. आजही या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर पहाटे जाग येते ती आवाज नाही म्हणून.

भागीआते बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी तिचा नवरा बोटीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच. मेला म्हणावं तर कुणाला तरी कुठल्या तरी बंदरात दिसलेला असायचा, आणि जिवंत म्हणावं तर त्याची चिठ्ठी नाही. त्यामुळे आतेच्या कपाळी कुंकू, गळ्यात काळी पोत आणि नवऱ्याचा पत्ता नाही, असा कारभार होता. ती त्याबद्दल रडताना मी कधी पाहिली नाही. वटपौर्णिमेला मात्र ती फणी घेऊन डोकं विंचरत बसायची. "आते, तू नाही पुजायचा वड?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गो बाये, ह्योच एक जन्म निभलो नाय, सात खयचे मागू?"

आणि गंमत अशी, की चाळीतला एकुलता एक वड तिचाच. तो उगवला होता मागच्या बाजूला, मोरीच्या पाइपाशेजारच्या भेगेत. घरमालकाचा माणूस तो उपटायला गडी घेऊन आला. गडी वर चढला, झाड ओळखलं आणि हात जोडून खाली उतरला. वड कोण उपटणार? पाप कोण घेणार डोक्यावर? शेवटी आतेने छत्रीची मूठ अडकवून तो मुळासकट अलगद ओढून काढला. "भिंतीत ठेवलो तर चाळ पाडतलो, रस्त्यार टाकलो तर पाप लागतला. माझ्याकडे ऱ्हवांदे," असं म्हणून तिने रॉकेलचा डबा आडवा कापला, खिळ्याने तळाला भोकं पाडली आणि वड गॅलरीतल्या आमच्या दारापाशी आला. बोन्साय हा शब्द तिने जन्मात ऐकला नाही. तिचं गणित एवढंच होतं, की गॅलरीत येण्याजाण्याला दोन हात जागा लागते, म्हणून झाडाने दीड हाताच्या वर जायचं नाही.

ते ती कसं करायची हे मी शेजारी बसून बघितलंय. चैत्र सरला की डब्यातून वड काढायचा, जुन्या फणीने मुळं विंचरायची आणि तिसरा हिस्सा मुळं आजीच्या अडकित्त्याने कातरायची. मग सगळी पानं खुडायची, एकही ठेवायचं नाही. वड अगदी मुंडण केल्यासारखा दिसायचा आणि आई म्हणायची, "मेलो गे तो!" पंधरा दिवसांत नवी पानं यायची ती आधीपेक्षा लहान. पाणी तांदळाच्या धुवणाचं, आणि बांगडे आणले की बांगड्यांच्या धुवणाचं. पारंबी सुटली की ती खात्यातून टाकून दिलेला लाकडी बॉबिन आणायची, त्याच्या भोकात ओली माती भरायची आणि पारंबी त्यातून खाली मातीपर्यंत पोचवायची. फांदी वाकवायची असली तर लुगड्याच्या चिंधीला एखादा नट बांधून लोंबकळत ठेवायची. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, मला बजावायची, "बांधलेला महिन्यान सोडूक व्हया. नायतर रुतता." कॅलेंडरवर ती कोळशाने फुली मारून ठेवायची. ग्रहणाची तारीख विसरेल पण ही फुली विसरायची नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या भागात पोरंसोरंसुद्धा घोषणा देतच खेळायची. बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन सभेला, सभेहून आले की चाळीच्या फळ्यावर खडूने उद्याचा कार्यक्रम लिहायला. घरात त्यांचा आवाज बसलेलाच असायचा. आई म्हणायची, "मुंबई मिळाली की तरी घरात बोलाल ना?" त्या वर्षी वटपौर्णिमेला नेमका हरताळ आला. दुकानं बंद, रस्त्यात जागोजाग पोलीस, बाजारात वडाच्या फांद्या विकणाऱ्या बायका आल्या नाहीत, आणि मैदानाकडच्या मोठ्या वडापर्यंत जायची सोय नाही. चाळभर उपाशी बायका ताटं सजवून बसलेल्या. तेव्हा तळमजल्यावरची पारूबाई, आतेच्याच खात्यातली, धापा टाकत वर आली. "आवं भागाबाई, तुमचा वड द्या की खाली! वड तो वड. ल्हान का आसंना."

आते हसली. म्हणाली, "न्या. पण तो बांगड्यांच्या पाण्यार वाढलोहा, सांगून ठेवतंय." कुणी मनावर घेतलं नाही. वड खाली चौकात नेला, उलट्या पिंपावर पाट, पाटावर डबा. आणि सव्वीस बायका त्याच्याभोवती! प्रत्येकीला हात पुरेना, कमरेत वाकून दोरा गुंडाळायचा, एकीची वेणी दुसरीच्या निरांजनात. हसून हसून पुरेवाट. माझ्या आईने तर सात फेऱ्या दोनदा घातल्या, कारण पहिल्यांदा मोजताना पारूबाईने तिला हसवलं. साधा कच्चा दोरा असता तर पुढचं काही घडलंच नसतं; तो पावसाने कुजून पडला असता. पण पारूबाईने आणला होता खात्यातला दुहेरी पिळाचा दोरा. गिरणगावात दोऱ्याला काय तोटा! त्या पिळाच्या दोऱ्याने माणूस टांगला तरी तुटला नसता. आतेने वरून पाहिलं तेव्हा हनुवटीला हात लावला, पण सणाच्या दिवशी बोलायचं नाही म्हणून गप्प राहिली.

वड दारात परत आला तो कमरेला जाड पांढरा पट्टा बांधून. महिना झाला, कॅलेंडरवर फुली आली, आते सुपारी कातरायचा अडकित्ता घेऊन बसलीही. पण त्याच आठवड्यात बाबा सत्याग्रहाच्या तुकडीत गेले. नाक्यावर हार घातले, गुलाल उडाला, आईने ओवाळलं. गाडीत चढताना बाबांनी आतेला हाक मारून सांगितलं, "भागी, वडाक पाणी घाल गो!" आणि मला म्हणाले, "आईक त्रास दिऊ नको." साडेतीन महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवसापासून आई रोज सकाळी दार उघडलं की आधी वडाच्या दोऱ्याला हात लावायची, मग तो हात मंगळसूत्राला. आतेने अडकित्ता परत डब्यात ठेवला.

पाऊस होता, वाढीचे दिवस होते. दोरा भिजून आवळला आणि बुंधा तर फुगत चाललेला. श्रावण सरता सरता पट्ट्याच्या वरचा भाग फुगून आला, खालचा तसाच राहिला. पानं पिवळी पडून गळायला लागली. खुडलेली नव्हे, गळलेली. त्यातला फरक मला अकराव्या वर्षी कळत होता. एक फांदी वाळली. आते रोज कामावरून आली की वडासमोर उकिडवी बसायची, बोट फिरवायची आणि उठून जायची. शेवटी गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "वैनी, दोरो काढूक व्हयो. झाड गुदमारता."

आई भाकऱ्या थापत होती. हात थांबला. "हात लावशात तर खबरदार, वन्सं. हे थंय, आणि तुमी माझो दोरो तोडतात?"

"सगळो नको. थोडो सैल करतंय."

"तुमका काय त्याचा!" आई म्हणाली. "तुमचो घोव असतो तर कळला असता."

नवऱ्यावरून असं बोलायची माझी आई नव्हे. तिलाही ते बोलल्याबरोबर कळलं असावं, कारण तिने तव्यावरची भाकरी जळेपर्यंत उलटलीच नाही. आतेने ताट वाढून घेतलं, गॅलरीत वडाशेजारी बसून जेवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी बोलायच्या बंद झाल्या. एकाच शेगडीवर रांधायचं, एकाच मोरीत भांडी घासायची आणि बोलायचं नाही! "शालू, तुझ्या आतेक सांग आमटी वाढलीहा." "शालू, आईक सांग रेशन आणलंय." दोघींच्या मधे मी पोस्टमन. आज मला दोघींचंही म्हणणं कळतं. त्या वेळी फक्त आईचा राग यायचा आणि वडाची कीव. आणि आतेने पुन्हा का मागितलं नाही तेही तेव्हा कळलं नव्हतं. टाकलेल्या बाईने दुसरीचा सौभाग्याचा दोरा तोडला आणि तिकडे काही बरंवाईट झालं, तर जन्मभर तिला कुणी उभं केलं असतं का?

मग मी ते केलं. बाबांच्या दाढीच्या डबीत एक जुनं ब्लेड होतं. माझी शाळा सकाळची, आतेची पाळी साडेतीनला सुटायची, आणि तीनला नळ आला की आई बादल्या घेऊन खाली. तेवढ्या वेळात मी वडामागे, भिंतीच्या बाजूला बसायची आणि एक पदर कापायची. रोज एकच. कुणाचा ते बघायची नाही. कापला की टोक तसंच चिकात चिकटवून ठेवायची, म्हणजे पुढून पट्टा साबूत. आणि दर वेळी डोळे मिटून म्हणायची, "देवा, हा पारूबाईचा असू दे." पारूबाईचा नवरा धडधाकट होता, रोज दारू पिऊन जिन्यात पडायचा तरी त्याला ओरखडा येत नव्हता, त्याला एक दोरा कमी चालेल असं मला वाटायचं. सोळा दिवस मी हे केलं. रात्री अंथरुणात बोटांना वडाच्या चिकाचा वास यायचा.

सतराव्या दिवशी मी ब्लेड काढणार तोच जिन्यावर माणूस आला. बाबांच्या तुकडीतला, पण कमी शिक्षा झालेला, ती संपवून सुटलेला. आई बादली घेऊन त्याच्या मागोमाग वर आली. तो चहासुद्धा घेईना. म्हणाला, "वैनी, काळजी करू नका, पण त्यांना आठ दिवस ताप आहे. तिथल्या दवाखान्यात ठेवलंय. औषध चालू आहे." तो गेला आणि आई जी उठली ती थेट वडापाशी. दोऱ्यावरून हात फिरवत फिरवत मागच्या बाजूला गेली, आणि कापलेली टोकं तिच्या बोटांत मोकळी आली. त्याच वेळी आते कामावरून येऊन जिना चढत होती.

"तुमीच कापलात ना?" आईचा आवाज सगळ्या मजल्याने ऐकला. दारं उघडली. "सांगा! तुमीच ना?"

आतेने पिशवी खाली ठेवली. वाकून ती टोकं बघितली. किती खाली कापलंय, किती बारीक हाताने कापलंय, ते तिला न कळायला ती काय आंधळी होती? तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "व्हय. मीच कापलंय."

आई तिच्याकडे बघत होती, सगळी चाळ तिच्याकडे बघत होती, आणि आते तशीच उभी, मान वर करून. मला वाटलं आता ही आपली ट्रंक उचलेल आणि जाईल, कुठे जाईल तेही माहीत नाही. मी रडत ओरडले, "खोटं! मी कापला! रोज मी कापला!" आईने जी थोबाडीत दिली तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण मी थांबले नाही. "झाड मरत होतं! तू बघत नव्हतीस! मेलेल्या वडाला बांधून बाबा कसे वाचणार?"

आई वडासमोर खाली बसली. बराच वेळ ती त्या वाळक्या फांदीकडे बघत होती, जणू आजच दिसली. पारूबाई पुढे आली तर आईने हाताने तिला थांबवलं. मग पहिल्यांदा, वीस-बावीस दिवसांनी, ती आतेशी बोलली. "वन्सं, खरा काय ता सांगा. झाड जगतला?"

"आज सोडलो तर जगतला. उद्याचा माका सांगूक येणा नाय."

आईने केसातला आकडा काढला. दोरा इतका रुतला होता की वरून साल चढली होती. आतेने बुंधा धरला आणि आईने आकड्याने एकेक पदर उकलून काढला; स्वतःचा, पारूबाईचा, सगळ्यांचा. पारूबाई म्हणाली, "काढा बाई, माझापण काढा. ते मेलं नाहीतरी मरत न्हाई." रडता रडता सगळ्या हसल्या. पांढरा चीक दोघींच्या बोटांवर, मनगटांवर. उन्हं उतरेपर्यंत चाललं होतं ते. शेवटचा पदर सुटला तेव्हा आई आतेला म्हणाली, "मी त्या दिवशी तोंडाक येयत ता बोललंय, वन्सं." आते म्हणाली, "हात धुवा आधी. चीक सुकलो की निघणा नाय."

बाबा दिवाळीच्या आधी आले. अर्धे झालेले, दाढी वाढलेली, पण आपल्या पायांनी जिना चढून आले. दारात थबकून त्यांनी वडाकडे बघितलं. आतेने वाळकी फांदी कातरली होती आणि वर दोन नवे कोंब होते. "ह्याका काय झाला गो, भागी?" "तुझो दोरो लागलो त्याका," आते म्हणाली. आईने पदर तोंडाला लावला. ब्लेड कुठे गेलं हे बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, पण कुणी सांगितलं नाही.

पुढल्या वटपौर्णिमेला हरताळ नव्हता, बाजारात फांद्यांचे ढीग होते, तरी आई फांदी आणायला गेली नाही. तिने सकाळी दारातल्या वडाला सात फेरे दोरा बांधला, आणि संध्याकाळी उपास सोडायच्या आधी आतेला हाक मारली. "वन्सं, बांधूक मी, सोडूक तुमी." तो आमच्या मजल्याचा रिवाजच झाला. सकाळी बायका बांधायच्या, संध्याकाळी भागीआते सोडायची. दरवर्षी आई फणसाचे गरे आधी तिच्या ताटात वाढायची, आणि आते दरवर्षी म्हणायची की गरे जरा पिकले जास्त. पुढे राज्य झालं त्या दिवशी लालबागला रोषणाई झाली, बाबांनी वडालाही झेंडूची माळ घातली. आते म्हणाली, "उद्या सोड हां."

बाबा गेले ते त्यानंतर एकवीस वर्षांनी, चैत्रात. वटपौर्णिमा आली. सकाळी दारात बायका आल्या, वडाला दोरा बांधून गेल्या. आई आत भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी माहेरी आले होते. संध्याकाळ झाली, दिवे लागले. भागीआते आत आली. तिचेही केस तोवर पांढरे झाले होते. तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वैनी, उठा. दोरो सोडूक माका एकट्याक जमणा नाय."

आई उठली. दोघी वडाशेजारी बसल्या, एकीने बुंधा धरला, दुसरीने गाठ शोधली.